आणि पार्टी

दोन मिनिटं अकरा सेकंदांवर अक्षताच्या उजव्या कानात तिच्या आजोबांनी श्वास घेतला, आणि हिंदमाताच्या पुलाखाली, साडीच्या दुकानाच्या काचेपाशी ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला. तो काहीतरी बोलला, पण ते तिला ऐकू आलं नाही. आजोबा त्या वेळी परळला, चौदाव्या मजल्यावर, दुपारची झोप काढत असणार. ते हिंदमाताला असायचं काही कारण नव्हतं, आणि लालबागच्या एका पोराच्या आजच आलेल्या अल्बमात असायचं तर त्याहून नव्हतं. काचेत सात प्लॅस्टिकच्या बायका सात शालू नेसून उभ्या होत्या आणि सातही जणी तिच्याकडे बघत होत्या. अक्षताने नियम मोडला. तिने गाणं मागे घेतलं.

नियम तिचाच होता. दादरच्या त्यांच्या शाळेत जिन्यापाशी, पाण्याच्या कूलरच्या बाजूला, दर पंधरवड्याला नवं भित्तिपत्रक लागायचं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात नववी 'ब'ची अक्षता सदर लिहायची, 'पहिला कान'. नवा अल्बम आला की तो एकदाच ऐकायचा, सलग, मधे न थांबता, एकही गाणं न ढकलता, आणि जे वाटलं ते त्याच दिवशी लिहून काढायचं. दुसऱ्यांदा ऐकलं की माणूस शहाणा होतो, आणि शहाण्यांची मतं जगात भरपूर आहेत, असं तिने पहिल्याच सदरात लिहिलं होतं. मराठीच्या मृणालिनी बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून समासात 'छान' लिहिलं. त्या एका 'छान'ने काय काय केलं, ते बाईंनाही माहीत नसेल. जूनपर्यंत हीच अक्षता वर्गात हात वर करायच्या आधी बाहीला शाई लागलेली नाही ना ते बघून घ्यायची. आणि आता आठवीच्या पोरी तिला कॉरिडॉरमध्ये अडवून विचारत होत्या, ताई, तो नवीन आलाय तो ऐकू का नको. माहीमच्या एका बँडबद्दल तिने लिहिलं होतं, 'सगळी गाणी चांगल्या घरातली आहेत, एकही चप्पल घालून आत येत नाही.' एका नव्या गायिकेबद्दल, 'हिचा आवाज म्हणजे फ्रिज उघडल्यावरचा उजेड. थंड आहे, पण भूक लावतो.' हे असलं आपल्या डोक्यातून निघतं, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य तिला स्वतःलाच होतं, आणि ते आश्चर्य तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

ऐकायचं ते चालताना, हा दुसरा नियम. शाळा दादरला आणि घर परळला, म्हणून तिच्याकडे अल्बमची मापं रस्त्यावरची होती. छोटे अल्बम चित्रा टॉकीजपर्यंत संपतात. बरे असतात ते घराच्या गेटापर्यंत पुरतात. आणि ज्यांना स्वतःबद्दल फार वाटतं ते घर ओलांडून तिला लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपर्यंत नेतात, मग उलटं चालत यावं लागतं आणि आई विचारते, आज पुन्हा कोण एवढं लांबलं. आजचा अल्बम होता 'खालचा मजला', हितेंद्रचा, जो स्वतःला 'पिनकोड बारा' म्हणवतो. पहिल्या तीन गाण्यांत तिने मनात दोन वाक्यं बांधूनही ठेवली होती, आणि दोन्ही जरा टोचणारी होती. मग चौथं लागलं, 'उजाडलं'. आधी त्याचं नेहमीचं भरभर बोलणं, मग सगळं थांबतं, आणि भजी तळल्यासारखा जुन्या टेपचा चरचराट सुरू होतो. ढोलकी. एक भरदार पुरुषी आवाज म्हणतो, 'वेशीबाहेर दिवा लागला, गावानं पाहिलं'. आणि मागच्या साथीदारांनी 'उजाडलं' म्हणून झील धरायची त्याच्या जरासंच आधी तो श्वास. नाकानं ओढलेला, मधे एकदा अडकलेला, शेवटी सुटताना बारीकसा 'हां' करणारा. आणि 'उजाडलं'. एकट्याचंच. बाकीचे मागून येतात, जिन्यावर कुणीतरी पुढे पळाल्यावर धडपडत येतात तसे.

तो श्वास तिला कळायला लागल्यापासून माहीत होता. आजोबा काहीही बोलायच्या आधी तो घेत. 'बाय, पाणी दे' याच्या आधी, पप्पांची वाट बघत 'अजित आला का' म्हणायच्या आधी, फोनवर 'जय भीम' म्हणायच्या आधी. लहानपणी तिला वाटायचं की सगळेच आजोबा बोलायच्या आधी असे किल्ली देतात. पण तिने गाणं कधी ऐकलं नव्हतं. ऐकला होता तो फक्त त्याच्यावरचा विनोद. चाळ पाडून टॉवर व्हायच्या आधी, ती चार-पाच वर्षांची असताना, गॅलरीतून जाता-येता कुणीही आजोबांना विचारायचं, 'काय भिवा, उजाडलं का?' आणि सगळे हसायचे, आजोबाही हसायचे. एखादा पोरगा लग्नात वाढायच्या आधीच जेवायला बसला की म्हणायचे, याचं भिवासारखं लवकर उजाडतंय. तिने एकदा पप्पांना विचारलं होतं आणि पप्पांनी चार वाक्यांत सांगून टाकलं होतं, की शहाऐंशी साली आजोबा शाहीर कुशाबांच्या पार्टीत झील धरायचे, गिरगावात एका छापखान्याच्या माडीवर कॅसेट रेकॉर्ड झाली, आजोबा अर्धी मात्रा आधी शिरले, एक वाजेपर्यंतच माडी मिळालेली होती आणि बाहेर दुसरी पार्टी ताटकळत होती, म्हणून कुशाबा म्हणाले जाऊ दे. कॅसेट सहा डिसेंबरला शिवाजी पार्कला विकायला आली आणि मग सगळ्या चाळीने ती ऐकली. एवढंच. हिंदमाताच्या पुलाखाली उभं राहून अक्षता आयुष्यभर माहीत असलेल्या विनोदाचं मूळ पहिल्यांदा ऐकत होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं झालं होतं. हितेंद्रने तेवढाच तुकडा कापून फिरवत ठेवला होता, श्वास, उजाडलं, श्वास, उजाडलं, आणि सगळं गाणं त्या चुकीवर झुकून धावत होतं. तिसऱ्यांदा ऐकताना तिची मान आपोआप हलायला लागली आणि तिला स्वतःचा राग आला, मग राग गेला. तिने ॲपमध्ये खाली जाऊन नावं वाचली. शब्द, हितेंद्र. संगीत, हितेंद्र. ढोलकी आणि जुना आवाज, अज्ञात. अज्ञात म्हणजे काय? चौदाव्या मजल्यावर राहतो.

आजोबा झोपले नव्हते. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. टॉवरमध्ये गॅलरी नाही, म्हणून ते खिडकीतून खाली बघत बसतात, पण एवढ्या वरून कुणी कुणाला काही विचारू शकत नाही. तिने दप्तर टाकलं आणि काही न सांगता त्यांच्या उजव्या कानात इअरफोन घातला, डावा आपल्या कानात ठेवला. असे दोघं एका वायरीवर बसले. हितेंद्रचं बोलणं चालू असताना आजोबांच्या तोंडावर पाहुण्यांच्या लहान मुलाची कविता ऐकतानाचे भाव होते. मग चरचराट आला. त्यांचं बोट गुडघ्यावर ढोलकीचा ठेका धरायला लागलं, आणि तिने पाहिलं, कुशाबांची ओळ संपायच्या आधीच ते बोट थांबलं. त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षांनीही त्यांना ती जागा कुठे आहे ते नेमकं माहीत होतं. आवाज येऊन गेला, पुन्हा आला, पुन्हा आला. आजोबांनी इअरफोन काढून तिच्या तळहातावर ठेवला, आणि तो गरम असल्यासारखी बोटं धोतराला पुसली.

"आता मशिनीनं चिडवतात काय गो?" ते म्हणाले.

तिने समजावलं. खूप समजावलं. चिडवत नाहीत, आजोबा, त्याला तेच आवडलंय, बाकी सगळी कॅसेट सोडून त्याने तेवढंच घेतलंय, पूर्ण अल्बममध्ये तेच एक खरं आहे, बाकी तो नुसते हात हलवतोय. ती उभी राहून बोलत होती, हातवारे करत होती. सदरात लिहिते तशी वाक्यं तोंडातून भराभर येत होती, आणि आजोबा खिडकीतून खाली बघत होते. मग तिने सांगितलं की मी हे लिहिणार आहे, तुमच्या नावासकट. तेव्हा ते उठले, कपाटाच्या वरच्या खणातून एक पिवळा पडलेला कॅसेटचा डबा काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. आत कॅसेट नव्हती, ती केव्हाच टेपरेकॉर्डरने खाल्ली होती. आत दोन सुया आणि पांढरी बटणं होती. डब्यावरच्या कागदावर कुशाबांचा फेटा बांधलेला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शाहीर कुशाबा आणि पार्टी'.

"गाणं कुशाबांचं," आजोबा म्हणाले. "चूक झाली ती 'आणि पार्टी'ची. त्याला नाव नसतं, बाय. नको घालू."

आणि ते त्यांचं ठरलेलं होतं. कारण नंतर, आई हॉस्पिटलच्या लॅबमधून आल्यावर आणि पप्पा विमा कंपनीतून आल्यावर, जेवताना तिने विषय काढून बघितला तेव्हा आजोबांनी फक्त ताटाभोवती बोट फिरवलं आणि सांडग्याची आमटी बरी झालीय म्हणाले. तिला वाटत राहिलं की हा काय न्याय आहे. चूक केली एका माणसाने आणि हसले चाळीस वर्षं सगळे, तेव्हा नाव लागलं, भिवाचं उजाडलं. आज तीच गोष्ट चांगली ठरली तर नाव नको. म्हणजे हसण्यापुरतं नाव, आणि कौतुकाला अज्ञात. तिला आणखी एक आठवलं, आणि ते आठवल्यावर तिने घास ताटात परत ठेवला. रविवारी विहारात वंदना होते तेव्हा आजोबा ओठ हलवतात. नुसतेच ओठ. ती त्यांच्या शेजारी बसते, लहानपणापासून तिथेच बसते, आणि तिने त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही. तिला वाटायचं, म्हातारी माणसं असंच म्हणतात, मनातल्या मनात. आता तिला कळलं की माणूस चाळीस वर्षं खबरदारी घेतो आहे. सगळ्यांनी 'सरणं गच्छामि'वर पोचावं, आपण एकटेच आधी पोचू नये, म्हणून तो मुळी निघतच नाही. कुशाबांनी त्यांना कधी रागावून सांगितलं नव्हतं, पप्पा म्हणाले होते. शीव कोळीवाड्याचा कार्यक्रम आला, आणि आजोबांना निरोप आला नाही, इतकंच. मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी लागली आणि आजोबा पंचवीस वर्षं चादरींच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईने वॉर्डांची नावं घालत राहिले. काय अक्षर होतं त्यांचं. परळमधल्या कितीतरी माणसांनी आजारपणं आजोबांच्या अक्षरावर पाय ठेवून काढली असतील.

तिने त्याच संध्याकाळी लिहिलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून, उभ्याने. ताल चुकलेल्या माणसाबद्दल बसून लिहिणं तिला जमलं नसतं. पहिली दोन टोचणारी वाक्यं तिने तशीच ठेवली, कारण पहिला कान म्हणजे पहिला कान. मग तिने लिहिलं, 'चौथ्या गाण्यात मी नियम मोडला आणि ते अकरा वेळा ऐकलं. ॲपवर लिहिलंय, जुना आवाज, अज्ञात. हे खोटं आहे. नाव भिवा, वय चौऱ्याहत्तर, माझे आजोबा. ते अर्धी मात्रा आधी आले. हितेंद्र, तुझं सगळं गाणं त्या अर्ध्या मात्रेच्या उधारीवर उभं आहे आणि तुला उधारी कुणाची तेही माहीत नाही.' वाचून बघताना तिला ते इतकं आवडलं की तिने ते पुन्हा वाचलं. 'उधारी' शब्द तिने खोडला, परत लिहिला, परत खोडून दोन्हीकडे 'धक्का' केला.

भित्तिपत्रक सजवायची ती स्पृहा, तिची मैत्रीण, शिवाजी पार्कला राहणारी. स्पृहाचं अक्षर एवढं सुंदर की ती स्वतःचं नाव लिहितानाही मान तिरकी करते. मजकुरावर मृणालिनी बाईंची सही झाल्याशिवाय ती टाचणीला हात लावत नसे. सोमवारी मधल्या सुट्टीत दोघी स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. बाई लहानपणी गिरगावात एका जुन्या गवयाकडे शिकलेल्या, त्यांचा कान पक्का. त्यांनी अक्षताच्या फोनवरून नव्हे, स्वतःच्या फोनवर ते गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाल्या की ही चूकच आहे हो, बेतालच म्हणायचं याला. मग पुन्हा लावलं. म्हणाल्या, पण ऐकताना छान का वाटतंय, हे मला पटत नाही. स्पृहाने अक्षताला कोपर मारलं. बाईंनी कागद वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि तसंच धरून ठेवलं. सही माझी असते, त्या म्हणाल्या, आणि हे एका हयात माणसाचं नाव आहे. जगासमोर कुणाची चूक मांडायची तर त्याला विचारून मांडावी. घरच्या माणसाला तर आधी विचारावं.

"तुझ्या आजोबांना विचारलंस ना? ते हो म्हणा..."

"हो," अक्षता म्हणाली.

बाईंचं वाक्य पुरं व्हायचं होतं. 'ले' अजून त्यांच्या ओठांवर होता. सही झाली, टोपण लागलं, स्पृहा कागद घेऊन पळाली. अक्षता दारातच राहिली आणि तिला कळलं की ती शेवटची पायरी इथेही नव्हती. पाय अधांतरी होता. आधी आले, तिच्या मनात आलं, अगदी तशीच आधी आले. याला रक्त म्हणतात का? आई असती तर म्हणाली असती, उजेड पाडलास.

पुढचे दिवस विचित्र गेले. सगळ्या शाळेत तिचं नाव झालं. शेवटची घंटा झाली की आठवीच्या पोरी नाकाने मोठा श्वास ओढायच्या आणि ओरडायच्या, 'उजाडलं'. आणि हसायच्या, पण हे हसणं गॅलरीतल्यासारखं नव्हतं, ते आवडून होतं. शिपाईकाकासुद्धा एकदा पुटपुटले. अक्षता सगळ्यांना मान हलवून दाखवायची आणि घरी जाताना काहीच ऐकायची नाही, इअरफोन खिशात. चित्रा, हिंदमाता, परळ. बिनगाण्याचा रस्ता फार लांब असतो, हे तिला तेव्हा कळलं. घरी आजोबा तसेच, पाणी दे, अजित आला का, प्रत्येकाच्या आधी तो श्वास. तो आला की ती दचकायची. आता विचारतील. पण ते पाणीच मागायचे. सांगायला तिचं तोंड सतरा वेळा उघडलं. रविवारी विहारात ती त्यांच्या शेजारी बसली आणि वंदना म्हणताना तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ओठ हलत होते. बरोबर तालावर हलत होते, एक कणभर इकडे-तिकडे नाही. तिला वाटलं, इथे आत्ता कुणीतरी ओरडून आधी म्हणावं, मीच म्हणावं. पण तिचाही आवाज त्या दिवशी बसलेलाच होता.

शनिवारी ओपन हाऊस होतं. पेपर दाखवतात, पालकांनी यायचं. आईची ड्यूटी ऐनवेळी बदलली, पप्पांना सुट्टी नव्हती, आणि सकाळी आजोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून तयार बसले होते. अक्षता आधी निघाली. स्पृहा जिन्यापाशी तिची वाटच बघत होती, हातात चित्रकला स्पर्धेची भलीमोठी सूचना घेऊन. अक्षताने तिला बुधवारी सगळं सांगितलं होतं. सांगितल्यावर स्पृहा म्हणाली होती, तू ना, वेडी आहेस. आता तिने ती सूचना 'पहिला कान'वर धरून दाखवली. बरोबर झाकत होती. दोन टाचण्यांचं काम.

"दुपारी काढून टाकू," स्पृहा म्हणाली. "कुणाला कळणारपण नाही, यार."

सोपं होतं. अक्षताने त्या सूचनेकडे बघितलं. रंगपेटीतून उड्या मारणारी मुलं, कडेने फुलं. या पोरांच्या खाली आजोबा जाणार होते, पुन्हा एकदा, आणि या वेळी त्यांना खाली घालणारी ती असणार होती. कुशाबांनी निरोप पाठवला नाही, हितेंद्रने अज्ञात लिहिलं, आणि आता घरच्या पोरीने टाचण्या मारल्या. खोटं बोलले ते बोलले, तिला वाटलं, ते मी निस्तरीन, शिक्षा होऊ दे, सदर जाऊ दे, पण नाव झाकणार नाही. नाव खोटं नाहीये. तिने स्पृहाच्या हातातून सूचना घेतली आणि नीट गुंडाळी करून परत दिली. मग ती गेटापाशी गेली. आजोबा रस्ता ओलांडत होते, गाड्यांना हात दाखवत. ते आत आले, घाम पुसला, आणि किती मार्क पडलेत म्हणाले.

"आजोबा," ती म्हणाली, "बाईंनी विचारलं होतं की तुम्ही हो म्हणालात का. मी हो सांगितलं. तुम्ही म्हणाला नव्हता."

तिने मान खाली घातली नाही. घालायची नाही असं ठरवूनच आली होती. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे, जिन्याच्या बाजूला, जिथे दोन-तीन पालक उभे राहून वाचत होते. त्यांनी तो नेहमीचा श्वास घेतला नाही. ते चालत गेले, खिशातून चष्मा काढला आणि नाक कागदाला लागेल एवढं जवळ जाऊन वाचायला लागले. सगळं वाचलं, टोचणारी वाक्यंसुद्धा. शेजारचे पालक वाचून निघून गेले, नवे आले. कूलर घुरघुरत होता. आजोबांचं बोट शर्टाच्या काठावर ठेका धरत होतं, थांबत होतं, पुन्हा धरत होतं. अक्षताला दिसत होतं की ते ओळींवरून पुन्हा मागे येताहेत, ती गाणं मागे घेत होती तसे. आणि नेमक्या त्याच वेळी मृणालिनी बाई मार्कांची वही छातीशी धरून स्टाफरूममधून बाहेर आल्या, त्यांनी पांढरा शर्ट पाहिला, नात पाहिली, आणि ओळखलं.

"तुम्हीच का ते," बाई म्हणाल्या. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. "मी अक्षताला स्पष्ट सांगितलं होतं हं, की तुमची परवानगी असेल तरच. तुम्ही ती दिली हो..."

श्वास आला. नाकानं ओढलेला, मधे एकदा अडकलेला.

"दिली," आजोबा म्हणाले.

बाईंचा 'ती' तसाच राहिला. त्या थोड्या गोंधळल्या, आणि मग काय झालं ते त्यांच्या पक्क्या कानाला कळलं असावं, कारण त्या एकदम हसल्या आणि हसणं लपवायला वही तोंडापाशी नेली. स्पृहा खांबाआड तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांनी बाईंच्या वहीत अडकवलेल्या लाल पेनाकडे हात केला, जरा द्याल का बाई, म्हणाले, आणि बाईंनी काही न विचारता दिलं. त्यांनी कागदावर एक शब्द शोधला, बोटाने पक्का केला, आणि 'अर्धी'वर रेघ मारली. वर लिहिलं, 'पाव'.

"अर्धी नाय," ते म्हणाले, कुणाला असं नाही. "अर्धी म्हणजे फार झालं. पावच होती. लोकांनी वाढवली."

चादरींच्या कोपऱ्यांवरचं ते अक्षर होतं, उभं, ठाशीव, धुऊन न जाणारं. अक्षताला वाटलं आता ते पेन परत देतील आणि मार्क बघायला वर जातील. पण ते तिथेच उभे राहिले. तिच्या सहीखाली चार बोटं जागा मोकळी होती, स्पृहाने वेलबुट्टीसाठी सोडलेली. आजोबांनी तिथे पेन टेकवलं. लिहायला वेळ लागला, कारण अधूनमधून ते वर बघत होते आणि ओठ हलवत होते, आणि या वेळी ओठांबरोबर आवाजही येत होता, बारीक, खरखरीत, पण आवाज. 'सीताराम, ढोलकी. कांता, पेटी. कौसल्या, झील.' कौसल्याबाईंशी थांबून ते म्हणाले, ही दम धरायची, हिच्यामुळे आम्ही टिकायचो, आणि कुणाला सांगतोय ते न बघता पुढे लिहीत राहिले. स्पृहा जवळ येऊन कुजबुजली की अगं माझी वेलबुट्टी, जागा सगळी जाणार. अक्षताने तिचं मनगट धरून ठेवलं.

कागदावर अजून बोटभर जागा होती, आणि यादीत त्यांचं स्वतःचं नाव अजून नव्हतं. मागे पालकांची रांग लागली होती, बाईंना वर्गात बोलावत होते, बाई पेनासाठी हात पुढे करून उभ्या होत्या. आजोबांनी श्वास घेतला. पेन दिलं नाही.